जुनी व्हॅन, आठ दिवस, सोळाशे किलोमीटर

व्हॅन अशी धरू: वीस वर्षांची, चार सिलिंडरचं साधं डिझेल इंजिन, मागे पाटे (स्प्रिंगचं काम करणाऱ्या पोलादी पट्ट्या), बाजूला सरकतं दार. मीटरवर २,४०,००० किलोमीटर. मागची बाकं काढून पलंग आणि कपाट बसवलेलं. नव्या व्हॅनच्या किमतीच्या दहाव्या हिश्शात हाती आलेली. अशी गाडी घ्यावी का, हे ती दारात उभी असताना कळत नाही. सपाट रस्ता, चढ, उतार, पाऊस, खड्डे असा एकेक दिवस तिला चालवलं की गुण आणि दोष आपापल्या जागी दिसतात. म्हणून हा हिशेब दिवसवार मांडला आहे.

आदला दिवस : मुके दोष

जुन्या व्हॅनचे बहुतेक दोष बोलके असतात. बेअरिंग आधी घुमतं, मग जातं. पाण्याचा पंप बंद पडण्याआधी ठिबकतो. क्लच प्लेट आधी घसरते. पण चार गोष्टी शेवटपर्यंत गप्प राहतात: टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह पिस्टनच्या तालावर उघडणारा पट्टा), टायरचं वय, ब्रेक ऑइल आणि चासीतला, म्हणजे गाडीच्या सांगाड्यातला, गंज. निघण्याआधीचा दिवस या चौघांसाठी ठेवावा. बाकीचं वाटेत निस्तरता येतं, हे येत नाही.

टायमिंग बेल्ट किलोमीटरवर जितका झिजतो तितकाच वयावर कडक होतो. बऱ्याच इंजिनांना ठरवून दिलेली मर्यादा १,००,००० किलोमीटरच्या आसपास किंवा पाच-सहा वर्षं, यातलं जे आधी येईल ते. बेल्ट बदलल्याची लेखी नोंद किंवा बिल नसेल, तर तो बदललेलाच नाही असं धरून चालावं. ‘मागच्या मालकाने बदलला होता म्हणे’ याला काही किंमत नाही. डिझेल इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड, म्हणजे सिलिंडरांवरचा भाग, पूर्ण उतरवावं लागतं. स्वस्तात घेतलेल्या गाडीला हा एक खर्च भंगारात नेऊ शकतो. बदलताना नुसता पट्टा घालू नये. टेन्शनर, आयडलर (बेल्ट ताणून धरणाऱ्या आणि वळवणाऱ्या चकत्या) आणि, पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर, पाण्याचा पंपही सोबत बदलावा. सुट्या भागांपेक्षा मजुरी जास्त असते आणि ती एकदाच द्यावी. इंजिनात बेल्टऐवजी चेन असेल तर ती झिजताना थंड सुरुवातीला खुळखुळते, म्हणजे निदान बोलते तरी.

टायरच्या कडेवर ‘डॉट’ या अक्षरांनंतरच्या ओळीत शेवटचे चार आकडे पाहावेत. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाच्या आधीचा आहे. फार चालवल्या न गेलेल्या व्हॅनवर नक्षी भरगच्च आणि रबर दगडासारखं कडक, अशी जोडी हमखास दिसते. सहा वर्षांनंतर दरवर्षी बारकाईने तपासावं, दहा वर्षांचा टायर कितीही चांगला दिसला तरी काढावा. व्हॅनच्या टायरवर मापापुढे ‘सी’ असतो, म्हणजे तो वजन वाहायला बनवलेला आहे. मागच्या मालकाने पैसे वाचवायला मोटारीचे टायर चढवले असतील तर भार वाढला की कडा तापतात आणि फुटतात.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट-४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ अंशांवर येऊ शकते. रंगावरून याचा पक्का अंदाज येत नाही. दर दोन वर्षांनी पूर्ण बदलावं. पद्धत जुनीच: बहुतेक गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून (पेडल जिथे ऑइलला दाब देतं तिथून) सर्वांत लांबचं चाक आधी, एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने निपल (चाकाजवळचा ऑइल सोडायचा स्क्रू) पाव आटा सैल करायचा, ऑइल बाहेर पडलं की निपल बंद, मगच पेडल सोडायचं. टाकीतली पातळी एकदाही तळाला जाऊ द्यायची नाही, नाहीतर हवा शिरते आणि सगळं पहिल्यापासून. साधारण एक लिटर पुरतं. जुन्या गाडीत निपल गंजून बसलेले असतात. आदल्या रात्री त्यांवर गंज सोडवणारं तेल मारावं आणि सहा कोनांचा पाना वापरावा.

गंज तपासायला स्क्रूड्रायव्हरची मूठ पुरते. चासीचे दांडे, जॅक लावायच्या जागा, पाट्यांची ब्रॅकेटं आणि पायरीखालची पेटी ठोकत जावं. ठणठणीत आवाज आला तर पत्रा शाबूत, भदभद आवाज आला तर आत पोकळ. खालून ताजा काळा थर फासलेली गाडी विकायला असेल तर संशय दुप्पट करावा. तो थर गंज थांबवत नाही, झाकतो. बाजूच्या पत्र्यावर चुंबक धरावा. जिथे तो चिकटत नाही तिथे पत्र्याच्या जागी पुट्टी आहे. दाराची पुट्टी चालेल, दांड्याची नाही. दांडा कुजला असेल तर प्रवासच काय, खरेदीही थांबवावी. जुन्या व्हॅनमध्ये इंजिन बदलता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो, चासी बदलत नाही.

शेवटचं काम वजनकाट्यावर. कागदावर एकूण वजनाची मर्यादा २,८०० किलो आणि रिकाम्या गाडीचं वजन १,८०० असेल तर १,००० किलो हाताशी आहेत असं वाटतं. पलंग, कपाट, दुसरी बॅटरी आणि ५० लिटर पाणी मिळून ३०० किलो सहज होतात. तीन माणसं, सामान, हत्यारं, भरलेली डिझेल टाकी धरली की गाडी अडीच टनांवर जाते. पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल वेगवेगळा तोलावा. एकूण मर्यादेत असलेली गाडीही मागून जास्त भरलेली असू शकते.

दिवस १ : सपाट रस्ता, २६० किलोमीटर

निघताना टायर थंड असतानाच हवा भरून घ्यायची, भरलेल्या गाडीसाठी दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे. मागचा आकडा बहुधा पुढच्यापेक्षा बराच जास्त असतो. मग पहिले पन्नास किलोमीटर गाणी बंद. घुमणारा आवाज कोणत्या वेगाला सुरू होतो, उजवीकडे वळताना वाढतो की डावीकडे, हे ऐकायचं असतं. उजव्या वळणावर भार डाव्या चाकांवर जातो. त्या वेळी आवाज वाढला तर बहुतेक वेळा डावीकडचं बेअरिंग. दोन्हीकडे तसाच राहिला तर टायर खडबडीत झिजलेला असण्याची शक्यता जास्त.

पन्नास किलोमीटरनंतर पहिला थांबा. चाकं काढली असतील तर नट पुन्हा आवळायचे. प्रत्येक चाकाच्या मध्याजवळ हाताचा पंजा न्यायचा, टेकवायचा नाही. पुढच्या दोन चाकांतलं एक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम लागलं तर कॅलिपर (ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) अडकला आहे किंवा बेअरिंग चाललं आहे. खाली वाकून नवं ओघळलेलं तेल बघायचं. सगळं मिळून दहा मिनिटं.

पुढे वेग ८० ठेवावा. व्हॅन म्हणजे चाकांवरची पेटी. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० ऐवजी १०० ने गेल्यास विरोध दीडपटीहून जास्त होतो. डिझेल तर जातंच, पण जुन्या इंजिनाला त्याहून जाचक म्हणजे सलग उष्णता. ८० वर आवाजही सुसह्य राहतो. इंजिन दोन सीटांच्या मधोमध असलेल्या गाडीत पायांशी ऊब आणि कानाशी घरघर दिवसभर असते. झाकणाखालची फोमची पट्टी आणि रबर नवं घातलं की निम्मा त्रास जातो. हे काम स्वस्त आहे आणि फार कमी लोक करतात.

याच रस्त्यावर व्हॅनचं पहिलं सुख कळतं. बैठक उंच, काच मोठी, लांबचं दिसतं. बंपरला ओरखडा गेला तरी जीव खालीवर होत नाही. संध्याकाळी, इंजिन बंद करून पंधरा मिनिटांनी, सपाट जागी ऑइलची पट्टी पाहून वहीत नोंद. खालची आणि वरची खूण यांत साधारण एक लिटरचा फरक असतो. हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल खाणारं जुनं इंजिन चालवण्यासारखं आहे. लिटरभर खात असेल तर गळतंय की जळतंय ते शोधावं: उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडून गाडी इंजिनावर उतरवली आणि मग अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर निळा धूर आला तर जळतंय.

दिवस २ : घाट चढताना, १७० किलोमीटर

जुन्या व्हॅनची खरी परीक्षा चढावर. अडीच टन, दुसरा-तिसरा गिअर, वेग तीस आणि वारा पाठीमागून, म्हणजे रेडिएटरला हवा जवळजवळ नाही. काटा वर सरकू लागतो.

काटा कधी चढतो यावरूनच निम्मं निदान होतं. चढावर आणि संथ रहदारीत गरम, मोकळ्या रस्त्यावर ठीक: दोष पंख्याचा. सपाट रस्त्यावर जास्त वेगाला गरम: रेडिएटर चोंदलेला किंवा पाण्याचं वहन कमी. सुरू केल्यावर दहा मिनिटांतच गरम: थर्मोस्टॅट (तापल्यावर पाण्याला वाट देणारी झडप) बंद अवस्थेत अडकलेला. कधीही गरम आणि टाकीतली पातळी रोज कमी: गळती, आणि ती बाहेर दिसत नसेल तर हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालचं सील. वरचा होज पाईप चटका देतो आणि खालचा गार लागतो, तर पाणी फिरतच नाही. खालचा पाईप आत चेपला जात असेल तर झाकणातली उलटी झडप गेली आहे किंवा पाईपच मऊ झाला आहे.

पट्ट्यावर फिरणाऱ्या पंख्याला मधोमध तेल भरलेली जोडणी असते, ती तापल्यावर घट्ट पकडते. गरम इंजिन बंद करून, किल्ली काढून, पंखा हाताने फिरवावा. जड लागला पाहिजे. भिंगरीसारखा गरगरला तर जोडणी गेली. या एका भागामुळे घाटात बंद पडलेल्या व्हॅनना उगाच नवे रेडिएटर बसवले जातात.

झाकणाकडे दुर्लक्ष करू नये. उघड्यावर पाणी १०० अंशांना उकळतं; ०.९ बार दाब धरणाऱ्या झाकणाखाली तेच पाणी सुमारे ११९ अंशांपर्यंत तग धरतं, आणि निम्मं कूलंट मिसळलं तर त्याहून वर. झाकणाचं रबर सुकलं की हा सगळा फायदा जातो आणि गाडी विनाकारण उकळते. नवं झाकण ही जुन्या व्हॅनवरची सर्वांत स्वस्त दुरुस्ती असावी. फक्त त्यावरचा दाबाचा आकडा जुन्याइतकाच हवा. जास्त दाबाचं झाकण लावलं तर जुने होज पाईप फाटतात.

काटा तीन चतुर्थांशाच्या पुढे गेला की एसी असेल तर बंद, आणि आतला हीटर पूर्ण गरमवर, पंखा पूर्ण वेगात. आत बसणं कठीण होतं, पण हीटर हा छोटा दुसरा रेडिएटरच आहे. एक गिअर खाली, म्हणजे पंखा आणि पंप जोरात फिरतात आणि इंजिनावरचा ताण कमी होतो. तरीही काटा लाल पट्टीकडे निघाला तर सुरक्षित जागी थांबावं. वाफ किंवा गळती नसेल तर मिनिट-दोन मिनिटं इंजिन संथ चालू ठेवावं, कारण पाणी फिरत राहतं. वाफ दिसली किंवा पाणी गेलंच असेल तर लगेच बंद. त्यानंतर किमान पाऊण तास झाकणाला हात लावू नये. मग जाड फडकं धरून पहिल्या खाचेपर्यंत सैल करावं, फुसफुस थांबली की काढावं. गरम हेडवर गार पाणी एकदम ओतलं तर हेडला तडा जातो; इंजिन सुरू करून थोडं थोडं घालावं.

गळती बंद करण्याची पूड किंवा द्रव रेडिएटरमध्ये घालण्याचा मोह टाळावा. तो भोक बुजवतो तसा हीटरच्या बारीक नळ्याही बुजवतो. फाटलेल्या होजला स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉनची टेप ताणून तीन-चार थर गुंडाळावी, झाकण सैल ठेवून, म्हणजे दाब न धरता, हळूहळू पुढच्या गॅरेजपर्यंत जावं. सोबत एक होज, चार क्लिपा आणि पाच लिटर पाणी असेल तर तेवढीही वेळ येत नाही.

दिवस ३ : घाट उतरताना, १९० किलोमीटर

चढलेलं सगळं उतरावं लागतं आणि ती ऊर्जा कुठेतरी जावी लागते. अडीच टनांची गाडी ५०० मीटर खाली आली तर सुमारे सव्वाबारा मेगाज्यूल ऊर्जा सुटते. एवढ्या उष्णतेत २५ अंशांचं ३९ लिटर पाणी उकळीला येईल. ही उष्णता ब्रेकवर टाकायची की इंजिनावर, हे चालवणाऱ्याच्या हातात आहे. ज्या गिअरमध्ये चढली असती, त्याच गिअरमध्ये उतरवायची. ब्रेक सतत टेकवून ठेवायचा नाही. वेग वाढला की ठाम दाबून खाली आणायचा आणि पूर्ण सोडायचा, म्हणजे मधल्या वेळात डिस्क थंड होते. न्यूट्रल करून डिझेल वाचवणं तर अजिबात नको.

ब्रेक दोन प्रकारे जातात आणि पायाला वेगवेगळे जाणवतात. पेडल घट्ट, पण गाडी थांबत नाही, जळका वास येतो: लायनिंग तापून गुळगुळीत झालं आहे, थांबून थंड होऊ दिलं की बरंचसं परत येतं. पेडल मऊ पडून खाली जातं: ऑइल उकळून वाफ झाली आहे. हाच तो आदल्या दिवशीचा मुका दोष, घाटाच्या मध्यावर तोंड उघडणारा. पेडल भराभर पंप करावं, गिअर एकेक खाली टाकावा, हँडब्रेक हळूहळू ओढावा.

आणखी एक भाग बऱ्याच जुन्या व्हॅनमध्ये असतो आणि कोणाच्या लक्षात नसतो: मागच्या अ‍ॅक्सलवरून चासीला जोडलेली एक दांडी आणि झडप. मागे वजन वाढलं, पाटे दबले, की ती मागच्या ब्रेकना जास्त दाब देते. ती गंजून ‘रिकामी गाडी’ या स्थितीत अडकली तर भरलेल्या व्हॅनचं सगळं थांबवणं पुढच्या दोन चाकांवर येतं. पुढचे पॅड वर्षभरात संपतात आणि मागचे लायनर नव्यासारखे राहतात. असं दिसलं की ही दांडी हाताने हलवून पाहावी.

दिवस ४ : मुक्काम

व्हॅन घेण्याचं कारण हाच दिवस. मागे पाय पसरून झोपता येतं, दार सरकवलं की समोर डोंगर, मुक्कामाचं ठिकाण आधी ठरवावं लागत नाही. घराचं सामान हलवायचं असो, सायकली न्यायच्या असोत, दोन मीटरची फळी न्यायची असो, एकच गाडी. लहान मोटारीत हे नाही, आणि नवी व्हॅन घेतली तर तिच्यात फळी टाकायला मन धजत नाही.

रात्रीचे दोन धोके मात्र नीट समजून घ्यावेत. पहिला ओल: एका माणसाच्या श्वासातून रात्रभरात पाव लिटरच्या आसपास पाणी बाहेर पडतं आणि ते गार पत्र्यावर जमतं. प्लायवूडच्या मागे साचलेली ही ओल पत्रा आतून खाते, म्हणून दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवाव्यात. दुसरा जीवघेणा: कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नसतो. सायलेन्सरच्या जोडातून गळती, फरशीत गंजाची भोकं, मागच्या दाराचं फाटलेलं रबर, ही तिन्ही जुन्या व्हॅनमध्ये एकत्र नांदतात. मागचं दार अर्धवट उघडं ठेवून चालवलं तर गाडीमागच्या कमी दाबामुळे धूर आत ओढला जातो. मोनॉक्साइडचा अलार्म पलंगाच्या उंचीवर लावावा. आत शेगडी पेटवून झोपू नये आणि ऊब घ्यायला इंजिन चालू ठेवून तर नाहीच.

सरकतं दार अडखळत असेल तर रुळात ग्रीस कोंबू नये, धूळ चिकटून त्याचा पॉलिश कागद होतो. रूळ पुसून, तीन रोलरपैकी झिजलेला शोधावा. बहुधा खालचा, कारण दाराचं वजन त्याच्यावर.

दिवस ५ : पाऊस, २८० किलोमीटर

वायपरची पानं नवी असली तरी जुन्या व्हॅनमध्ये वायपर संथ फिरतात, कारण सांध्यांचे बुश सुकलेले असतात. तेलाचे चार थेंब पुरतात. काचेखालच्या जाळीत पानं साचून निचऱ्याची भोकं बुजतात. पाणी उसळून फ्यूजच्या पेटीवर येतं आणि मग वायपर लावल्यावर इंडिकेटर चमकतो असे विचित्र प्रकार सुरू होतात. वायरिंगला दोष देण्याआधी ही भोकं तारेने मोकळी करावीत. दारांच्या खालच्या कडेलाही अशीच भोकं असतात.

हेडलाइट मंद असतील तर मोठा बल्ब घालण्याआधी बल्बच्या टोकांवर व्होल्टेज मोजावं. हॅलोजन बल्बला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळालं की उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. बॅटरीवरून थेट जाड वायर आणून मध्ये रिले (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू करणारा स्विच) आणि फ्यूज घातला, अर्थिंगचा बोल्ट घासून चकचकीत केला, की त्याच बल्बचा उजेड दिवसाढवळ्या वेगळा दिसतो.

ओल्या रस्त्यावर टायरची नक्षी ३ मिलिमीटरच्या खाली नको, कायदा अनेक देशांत १.६ पर्यंत चालवून घेत असला तरी. रिकाम्या व्हॅनची मागची चाकं हलकी असतात. ओल्या वळणावर मागचा भाग सटकतो. आणि जुन्या व्हॅनचा सर्वांत मोठा तोटा इथेच सांगायला हवा: एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही, एअरबॅग नाहीत, आणि इंजिन सीटखाली असलेल्या गाडीत चालवणाऱ्याच्या गुडघ्यांपुढे पत्र्याशिवाय फारसं काही नाही. फोक्सवॅगनची टाइप २ ही व्हॅन १९५० मध्ये बनू लागली आणि ब्राझीलमध्ये तिचं उत्पादन २०१३ च्या अखेरीस थांबलं, कारण तिथे नव्या गाड्यांना एबीएस आणि एअरबॅग सक्तीच्या झाल्या. दुरुस्तीने हा तोटा भरून निघत नाही. पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवणं एवढाच उपाय. लहान मुलांना रोज घेऊन जायचं असेल, तर माझ्या मते ही गाडी त्या कामाची नाही.

दिवस ६ : खराब रस्ता, १२० किलोमीटर

खड्ड्यांतून गेलं की पाट्यांचं बोलणं सुरू होतं. कुरकुर असेल तर पानांमध्ये ग्रीस नाही. ठक्क असा एकच आवाज असेल तर शॅकलचा, म्हणजे पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या कडीचा, बुश. गाडी एका बाजूला झुकली असेल तर एखादं पान तुटलं आहे; चीर बहुधा मधल्या बोल्टजवळ असते आणि चिखलामुळे दिसत नाही, आधी धुवावं. मधला बोल्टच तुटला तर अ‍ॅक्सल मागेपुढे सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. तशी पुढे नेऊ नये. यू-बोल्ट (पाटा अ‍ॅक्सलला बांधणारे) पुन्हा आवळणं हे अशा दिवसाच्या शेवटचं ठरलेलं काम.

इथेच पंक्चरही होतं आणि स्टेपनी गाडीखाली दोरावर लटकलेली असते. दोराची चकती वर्षानुवर्षं न हलवल्याने गंजून बसते. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी ती एकदा खाली सोडून, तेल घालून, परत चढवलेली असावी. जॅकखाली जाड फळी, विरुद्ध चाकाला दगड, आणि जॅक फक्त शाबूत पत्र्यावर. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली अंग घालायचं नाही.

दिवस ७ : सकाळी सुरू होत नाही, मग २५० किलोमीटर

आधी सेल्फ फिरतो का ते ऐकावं. नुसती टकटक किंवा मरगळलेली फिरकी असेल तर मल्टिमीटर काढावा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी थकली आहे. ती ठीक असेल तर एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ मारावा; अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी, म्हणजे बॅटरीचं ऋण टोक इंजिनाला आणि चासीला जोडणारी वायर, कुजली आहे. नव्या बॅटऱ्या घालूनही न सुटलेला त्रास या एका पट्टीने सुटतो. सुरू झाल्यावर १३.८ ते १४.४ व्होल्ट नसतील तर अल्टरनेटर भरत नाही.

बॅटरी उभ्या उभ्या उतरत असेल तर सगळं बंद करून गळणारा प्रवाह मोजावा. ५० मिलिअँपिअरच्या आत चालेल. अर्धा अँपिअर असेल तर दिवसाला १२ अँपिअर-अवर जातात आणि ७० ची बॅटरी तीन दिवसांत निम्मी होते. एकेक फ्यूज काढत जावं; ज्याला आकडा पडतो तिथे चोर. बहुतेक वेळा मागच्या मालकाने जोडलेला टेपरेकॉर्डर किंवा आतला दिवा.

सेल्फ जोमाने फिरतो पण इंजिन पकडत नाही आणि धूर अजिबात नाही, तर डिझेल पोहोचत नाही. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सोडून पाणी काढावं. मग फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल करून हातपंप मारावा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की पंप दाबलेला ठेवूनच स्क्रू आवळावा. तरीही नाही, तर इंजेक्टरच्या पाईपचे नट अर्धा आटा सैल करून सेल्फ मारावा, थेंब आले की आवळावे. हे फक्त जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनाला. कॉमन रेल इंजिनात (एकाच नळीतून सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या) दाब हजार बारच्या वर असतो, ते डिझेल कातडीतून आत घुसतं. तिथे पाईपला पाना लावायचा नाही. हवा पुन्हा पुन्हा शिरत असेल तर टाकीपासून फिल्टरपर्यंतच्या रबरी नळ्या बदलाव्यात. दोन मीटर नळी आणि सहा क्लिपा. धूर पांढरा असेल आणि सकाळ थंड, तर ग्लो प्लग (सुरू करताना थंड सिलिंडर तापवणारे) तपासावेत.

दिवस ८ : परतीचे ३३० किलोमीटर आणि वही

परतीच्या रस्त्यावर वही भरते. सोळाशे किलोमीटरला पाऊण लिटर ऑइल, एक होज पाईप, एक पंक्चर, अर्थिंगची पट्टी, उरलेल्या कामांची यादी. अशा गाडीचा प्रवास याहून चांगला क्वचितच होतो.

या आकड्यांसमोर फायद्यांची बाजू ठेवावी. गाडीची किंमत आणखी पडायला जागा नाही. भाग साधे आहेत, बरेचसे पान्यांचा एक संच आणि मल्टिमीटर यांवर निघतात. पण पहिल्या वर्षासाठी खरेदीच्या निम्मी रक्कम दुरुस्तीला बाजूला ठेवता येत नसेल, तर गाडी स्वस्त नाही, नुसती अपुरी खरेदी आहे. वेळेचंही तसंच: महिन्यातला एक पूर्ण दिवस ती मागते. रोज ठरलेल्या वेळी कामावर पोहोचायचं असेल आणि दुसरं वाहन नसेल, तर जुनी व्हॅन घेऊ नये. शिवाय अनेक शहरांत जुन्या डिझेल गाड्यांना बंदी किंवा वेगळं शुल्क आहे. राहण्याच्या आणि जाण्याच्या ठिकाणचे नियम पैसे देण्याआधी वाचावेत.

विकायची कधी, याला खूण एकच धरावी: चासीच्या दांड्याला जोड लावायची वेळ दुसऱ्यांदा आली की. इंजिनाच्या खर्चाला घाबरून विकलेल्या बऱ्याच गाड्यांचा पत्रा अजून दहा वर्षं टिकणारा असतो, आणि नवं इंजिन घातलेल्या गाड्या दोन पावसाळ्यांत खालून कुजतात.

घरी पोहोचल्यावर इंजिन गरम असतानाच खाली पुठ्ठा सरकवावा, पुढच्या बाजूला खूण करून. सकाळी पुठ्ठ्यावरचे डाग वाचायचे: काळा म्हणजे इंजिन ऑइल, हिरवट किंवा गुलाबी आणि गोडसर वासाचा म्हणजे कूलंट, जाड, उग्र गंधकी वासाचा म्हणजे गिअरबॉक्स किंवा मागचा अ‍ॅक्सल, चाकाच्या आतल्या बाजूला, पातळ, पिवळसर म्हणजे ब्रेक. ब्रेकचा डाग दिसला तर किल्ली खिशात ठेवावी आणि गाडी तिथेच दुरुस्त करावी.